दडलेला धातु आणि त्याची पारख

सराफाच्या पेढीवर धातूची पारख दोन रीतींनीं होत आलेली आहे. एक डोळ्यानें आणि दुसरी कानानें. कसोटीच्या काळ्या दगडावर सोन्याची रेघ ओढून तिचा वर्ण पाहावयाचा, ही डोळ्याची पारख. आणि रुपया दगडी फरशीवर टाकून त्याचा नाद ऐकावयाचा, ही कानाची. चांदीचा खरा रुपया खणकन् वाजे, खोटा बद्द वाजे. नाणें खणखणीत आहे, असें आपण माणसाविषयींहि म्हणतों, तें या पारखीला स्मरूनच. परंतु या दोन्ही रीतींना एक अट आहे. वस्तु पारख्याच्या हातांत असली पाहिजे. ती भिंतीआड, मातीखालीं किंवा मनुष्याच्या शरीरांत दडलेली असेल, तर कसोटी आणि फरशी या दोहोंचाहि उपयोग नाहीं. न दिसणारा, हातीं न लागणारा धातु कोठें आहे, आणि आहे तर तो कोणता आहे, हे दोन प्रश्न सोडविण्याचा मार्ग विजेनें दाखविला. त्या मार्गाचा इतिहास सुमारें दीडशें वर्षांचा आहे, आणि त्यांत यशाइतकीच अपयशाचीहि कथा आहे.

या विद्येचें बीज १८३१ सालीं इंग्लंडांत मायकेल फॅरडे यांनीं लावलेल्या शोधांत आहे. तांब्याच्या तारेचें एक वेटोळें घेऊन त्यांतून विजेचा प्रवाह सोडला, आणि तो प्रवाह कमीजास्त होत राहिला, तर शेजारच्या दुसऱ्या वेटोळ्यांतहि, दोहोंचा स्पर्श नसतांना, प्रवाह उत्पन्न होतो. यालाच प्रवर्तन म्हणतात. दुसऱ्या वेटोळ्याच्या जागीं नुसता धातूचा तुकडा ठेवला, तरी त्याच्या अंगांत प्रवाहाचे बारीक भोंवरे उठतात, आणि ते भोंवरे आपल्या परीनें मूळच्या वेटोळ्याच्या चुंबकीय क्षेत्रांत ढवळाढवळ करतात. धातु मुका असला तरी विजेनें साद घातली असतां तो उत्तर देतो. मात्र तें उत्तर फार क्षीण असतें. तें ऐकावयाचें कसें, हा खरा प्रश्न होता.

त्या प्रश्नाला उत्तर देणारे गृहस्थ डेव्हिड एडवर्ड ह्यूजेस हे मूळचे संगीताचे अध्यापक होते. अमेरिकेंतील केंटकी प्रांतांत ते संगीत शिकवीत असत. पुढें छापील अक्षरें उमटविणारें तारायंत्र शोधून काढून त्यांनीं मोठी कीर्ति व संपत्ति मिळविली. १८७९ सालीं लंडनमध्यें त्यांनीं आपली प्रवर्तन-तुला विद्वानांपुढें ठेवली. तिची रचना तराजूसारखीच होती. तारेच्या वेटोळ्यांच्या दोन जोड्या. प्रत्येक जोडींत एक प्रवाह देणारें व दुसरें तो ग्रहण करणारें. प्रवाह घड्याळाच्या टिकटिकीनें कमीजास्त होई, आणि ग्रहण करणारीं दोन्ही वेटोळीं टेलिफोनच्या श्रवणयंत्राला अशा उलट रीतीनें जोडलेलीं असत कीं, एकाचा प्रवाह दुसऱ्यानें खोडून काढावा. दोन्ही बाजू सारख्या असल्या म्हणजे टेलिफोनमध्यें पूर्ण शांतता. एका बाजूला नाणें ठेवतांच टिकटिक ऐकूं येई. दुसऱ्या बाजूला तसेंच नाणें ठेवलें कीं पुनः शांतता. दुसरें नाणें खोटें असेल, झिजलेलें असेल, किंवा एक नाणें नुसतें हातांत चोळून किंचित् उष्ण केलेलें असेल, तरी ती शांतता भंग पावे. सराफ नाण्याचा नाद ऐकतो. ह्यूजेस यांनीं नादाऐवजीं मौन ऐकावयाचें ठरविलें. दोन नादांतील सूक्ष्म भेद कानाला सांगतां येत नाहीं, पण संपूर्ण मौन आणि अल्पसा आवाज यांतील भेद कोणाच्याहि कानाला कळतो.

परंतु धातु आहे एवढें कळून ह्यूजेस यांचें समाधान झालें नाहीं. तो किती बोलतो, हेंहि त्यांना मोजावयाचें होतें. त्यासाठीं त्यांनीं एक आंखणी केलेली पट्टी घेऊन तिच्या दोन टोकांना दोन वेटोळीं बसविलीं, आणि मध्यें सरकणारें तिसरें वेटोळें ठेवलें. तें एका विशिष्ट जागीं असतां आवाज शून्य होई, आणि तेथून सरकवावें तसा वाढत जाई. तुलेंत धातूचा तुकडा ठेवून उठलेला आवाज आणि पट्टीवरचा आवाज आळीपाळीनें ऐकून ते सारखे होईपर्यंत वेटोळें सरकवावयाचें, आणि पट्टीवरचा अंक वाचावयाचा. याप्रमाणें सारख्या आकाराच्या तुकड्यांवरून त्यांनीं निरनिराळ्या धातूंचे अंक लिहून काढले. चांदी व सोनें यांचे अंक मोठे, शिशाचा लहान. लंडनच्या टांकसाळींतील रसायनज्ञ विल्यम चँडलर रॉबर्टस् यांनीं त्याच वर्षीं या तुलेवर मिश्रधातूंचे प्रयोग केले. आजच्या धातुशोधक यंत्राच्या मुठीजवळ अंक दाखविणारा जो मापक असतो, त्याचा पूर्वज हीच ह्यूजेस यांची पट्टी होय.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. ह्यूजेस यांचे अंक हे धातूच्या अंगचे गुण नव्हते. ते त्या धातूचे, त्या आकाराचे, आणि त्या वेटोळ्यांचे मिळून झालेले अंक होते. वेटोळें बदललें तर अंक बदलणार. पुढील सर्व इतिहासांत हा मुद्दा पुनःपुनः डोकें वर काढतो.

या तुलेची कठोर परीक्षा अवघ्या दोन वर्षांत झाली, आणि ती प्रयोगशाळेंत नव्हे, तर एका मरणोन्मुख मनुष्याच्या शय्येवर झाली. २ जुलै १८८१ रोजीं अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गार्फील्ड वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनांत उभे असतां चार्ल्स गिटो नांवाच्या माथेफिरूनें त्यांच्यावर पिस्तुलाच्या दोन गोळ्या झाडल्या. एक दंडाला चाटून गेली. दुसरी पाठींतून उजव्या बाजूनें आंत शिरली आणि दिसेनाशी झाली. क्ष-किरणांचा शोध लागावयास अद्याप चौदा वर्षें अवकाश होता. गोळी कोठें आहे हें कळण्याचा वैद्यांपाशीं एकच उपाय होता, तो म्हणजे जखमेंत बोट किंवा सळई घालून चांचपणें. जखम स्वच्छ ठेवण्याचें जोसेफ लिस्टर यांचें शास्त्र तेव्हां युरोपांत मान्यता पावत होतें. परंतु अध्यक्षांच्या वैद्यांनीं त्याकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. न धुतलेल्या हातांनीं जखम वारंवार तपासली गेली.

त्या वेळीं टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांची प्रयोगशाळा वॉशिंग्टन येथेंच होती. खगोलशास्त्रज्ञ सायमन न्यूकम यांनीं विजेच्या साह्यानें गोळीचा ठाव काढण्याविषयीं कांहीं विचार चालविल्याचें त्यांच्या कानावर आलें, आणि आपला टेलिफोन व ह्यूजेस यांची तुला यांचा संयोग केला तर हें काम साधेल, असें त्यांच्या मनानें घेतलें. सहकारी सम्नर टेंटर यांच्यासह त्यांनीं रात्रंदिवस प्रयत्न आरंभिले. लहान, मोठीं, जाड, सपाट अशीं अनेक प्रकारचीं वेटोळीं करून पाहिलीं. शिशाची गोळी मांसाच्या तुकड्यांत आणि कोंड्याच्या पिशवींत लपवून ती किती अंतरावरून ऐकूं येते हें पारखलें. यादवी युद्धांतील गोळ्या ज्यांच्या अंगांत राहून गेल्या होत्या, असे वृद्ध शिपाईहि पुढें आले आणि त्यांच्यावर प्रयोग झाले.

शिसें हा या कामीं अवघड धातु आहे. विजेचा तो मंद वाहक. त्याच्यांत उठणारे भोंवरे लवकर विरतात, आणि उत्तर क्षीण येतें. शिवाय गोळी हाडावर आपटून चपटी झाली असली, तर तिचें तोंड वेटोळ्याकडे आहे कीं तिची कड, यावरहि आवाज अवलंबून राहतो. आणि सर्वांत मोठी अडचण अंतराची. वेटोळ्याचें क्षेत्र, वेटोळ्याच्या आकाराच्या मानानें दूर गेल्यावर, अंतराच्या घनाच्या प्रमाणांत क्षीण होत जातें. गोळीचें उत्तर परत येतांना तितकेंच पुनः क्षीण होतें. म्हणजे अंतर दुप्पट झालें तर उत्तर चौसष्टावा हिस्सा उरतें. मोठें वेटोळें घ्यावें तर क्षेत्र खोल पोंचतें, पण लहान गोळीचा परिणाम त्या मोठ्या विस्तारांत हरवतो आणि जागा नेमकी सांगतां येत नाहीं. लहान वेटोळें घ्यावें तर जागा नेमकी कळते, पण खोलवर साद पोंचत नाहीं. बेल यांना सतावणारी ही ओढाताण आजच्या यंत्रकारालाहि चुकलेली नाहीं.

२६ जुलै रोजीं सायंकाळीं बेल व टेंटर आपलें यंत्र घेऊन अध्यक्षांच्या निवासस्थानीं गेले. दुखणाईताच्या अंगावरून वेटोळें फिरविण्यांत आलें. पण टेलिफोनमध्यें एक सारखी चरचर ऐकूं येत होती, आणि यंत्राची ऐकण्याची शक्तीहि प्रयोगशाळेंत होती त्याहून बरीच कमी झालेली होती. प्रयोग निष्फळ ठरला. घरीं येऊन तपासतां उलगडा झाला. आवाज स्पष्ट व्हावा म्हणून आयत्या वेळीं जोडलेला विद्युत्संग्राहक एकाच बाजूला जोडला गेला होता. तुलेचा तोलच बिघडलेला होता.

यंत्र दुरुस्त करून, पुनः वृद्ध शिपायांवर पडताळून, १ ऑगस्ट रोजीं दुसरा प्रयोग झाला. या वेळीं आवाज आला. परंतु तो एका बिंदूशीं न राहतां पुष्कळ विस्तृत जागेवर मंदपणें पसरलेला होता. गोळीचा आवाज असा पसरट असूं नये. दुसऱ्या दिवशीं अंथरुणाविषयीं विचारपूस केली असतां, घोड्याच्या केसांच्या गादीखालीं पोलादी तारांची विणलेली दुसरी गादी असल्याचें निष्पन्न झालें. शंभर माणसांवर पारखलेलें यंत्र असो. शय्याच जर धातूची, तर ऐकूं येतो तो आवाज रुग्णाचा कीं शय्येचा? लोकांत रूढ झालेली कथा सर्व दोष या गादीच्या माथीं मारते. बेल यांचें स्वतःचें मत मात्र निराळें होतें. त्यांनीं तशीच दुसरी गादी मिळवून पाहिली, आणि पलंगाच्या मानानें आवाजाची जागा लहान होती, तेव्हां गादीमुळें बाध आला नसावा, असा निर्णय आपल्या निबंधांत दिला. मत कोणाचेंहि ग्राह्य धरलें, तरी ज्या शय्येवर यंत्र वापरावयाचें त्याच शय्येवर, दुखणाईत नसतांना, तें आधीं लावून पाहिलें असतें तर हा वाद उरताच ना.

याहूनहि गंभीर गोष्ट पुढेंच आहे. मुख्य वैद्य ब्लिस यांचा ठाम ग्रह होता कीं, गोळी शरीराच्या उजव्या भागांत आहे. म्हणून शोध उजव्या भागांतच करण्यांत आला. तेथें ऐकूं आलेला तो अस्पष्ट आवाज आपल्या तर्काचा पुरावा म्हणून त्यांनीं स्वीकारला. १९ सप्टेंबर १८८१ रोजीं गार्फील्ड यांचा अंत झाला. शवपरीक्षेंत दिसून आलें कीं, गोळी पाठीच्या मणक्यांतून पार होऊन डाव्या बाजूला, स्वादुपिंडाच्या मागें जाऊन बसली होती. उजव्या बाजूला ती नव्हतीच. यंत्राला जो प्रश्न कोणी विचारला नाहीं, त्याचें उत्तर तें कोठून देणार? आणि गोळी सांपडली असती तरी अध्यक्ष वांचते, असेंहि म्हणवत नाहीं. त्यांचा घात गोळीपेक्षां जखमेंत पसरलेल्या विषानें केला, असें आजचें वैद्यक सांगतें. त्याच हातांनीं गोळी काढावयाचा प्रयत्न झाला असता, तर मरण कदाचित् लवकर ओढवतें.

बेल यांनीं तरीहि काम सोडलें नाहीं. त्याच ऑगस्टच्या १५ तारखेस त्यांचा नुकताच जन्मलेला मुलगा श्वास न घेतां आल्यामुळें दगावला; त्या दुःखांतहि त्यांचे प्रयोग चालूच होते. दोन सपाट वेटोळीं एकमेकांवर अशा बेतानें अंशतः सरकवून ठेवावयाचीं कीं, एकाचा परिणाम दुसऱ्यावर शून्य व्हावा, ही रचना त्यांना अखेर समाधानकारक वाटली. १८८२ सालीं माँट्रियल येथील शास्त्रज्ञांच्या सभेंत त्यांनीं या सर्व प्रयोगांचा वृत्तांत, अपयश न झांकतां, वाचून दाखविला. गोळीला टोंचतांच टेलिफोनमध्यें खट्ट असा आवाज करणारी सळईहि त्यांनीं सिद्ध केली. १८८६ सालीं हायडेलबर्ग विद्यापीठानें वैद्यकाची सन्मान्य पदवी देऊन त्यांचा गौरव केला. १८९५ सालीं राँट्गेन यांनीं क्ष-किरण शोधल्यावर शरीरांतील गोळीसाठीं या तुलेची निकड उरली नाहीं. परंतु जमिनीला क्ष-किरणांचा उपयोग नव्हता. तेथें तुलेचें राज्य पुढें सुरू झालें.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत जर्मनींतून अमेरिकेंत आलेले गेर्हार्ड फिशर नांवाचे इंजिनियर बिनतारी लहरींवरून दिशा ओळखण्याच्या यंत्रांवर काम करीत होते. आसपास धातु किंवा धातुयुक्त खडक असला कीं दिशा चुकते, असें त्यांना आढळून आलें. दुसऱ्याला हा दोष वाटला असता. त्यांनीं त्या दोषालाच यंत्र केलें. १९३१ सालीं कॅलिफोर्नियांतील पालो आल्टो येथें त्यांनीं आपली प्रयोगशाळा काढली, आणि १९३७ सालीं त्यांना आपल्या धातुशोधक यंत्राचें पेटंट मिळालें. पुरलेले नळ, तारा व खनिजांच्या शिरा शोधण्यासाठीं तें यंत्र लोक वापरूं लागले.

पुढें महायुद्ध आलें, आणि गार्फील्ड यांच्या शय्येवरचा प्रश्न रणभूमीवर हजारों पटींनीं मोठा झाला. आतां गोळी शरीरांत नव्हती. सुरुंग पायाखालीं होते. १९४१-४२ च्या हिवाळ्यांत स्कॉटलंडांत असलेल्या पोलिश सैन्यांतील अधिकारी युझेफ कोसात्स्की यांनीं एका माणसाला उचलून फिरवितां येईल असें सुरुंगशोधक यंत्र सिद्ध केलें. एका वेटोळ्यांतून कानाला ऐकूं येणाऱ्या कंपनसंख्येचा प्रवाह, दुसऱ्याला जोडलेला ध्वनिवर्धक व टेलिफोन. तत्त्व ह्यूजेस यांचेंच. सगळें मिळून वजन चौदा किलोहून कमी. ऑक्टोबर १९४२ मध्यें ईजिप्तमधील एल् अलामीनच्या लढाईंत अशीं पांचशें यंत्रें वापरण्यांत आलीं, आणि सुरुंग काढण्याचा वेग दुपटीनें वाढला. कोसात्स्की यांनीं त्याचें पेटंट घेतलें नाहीं. इंग्लंडच्या राजाचें आभारपत्र हाच त्यांचा मोबदला.

परंतु शत्रूनेंहि तुलेचा स्वभाव ओळखला होता. लांकडी पेट्यांचे सुरुंग निघाले. त्यांत धातु काय तो स्फोटक नळींत, तोहि चिमूटभर. पुढें कांचेचे सुरुंगहि आले. यंत्राचा आवाज इतका वाढवावा कीं तो चिमूटभर धातु ऐकूं यावा, तर जमिनींत पडलेला प्रत्येक खिळा आणि तोफगोळ्याची प्रत्येक कपची ओरडूं लागे. कमी करावा, तर सुरुंग गप्प राही. इटलींतील आघाड्यांवर हिंदी सैन्याला अशा भूमींतून मार्ग काढावा लागला. ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनिओ नदीच्या कांठीं मराठा पलटणींतील शिपाई नामदेव जाधव यांनीं जखमी सोबत्यांना नदीच्या खोल पाण्यांतून, उंच बांधावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यांतून उचलून सुरक्षित जागीं आणलें. त्यांच्या हातीं कोणतें यंत्र नव्हतें. नगर जिल्ह्यांतील निमज गांवच्या या तरुणाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. सुरुंग शोधण्याची विद्या कशासाठीं सुधारावयाची, हें अशा प्रसंगांवरून समजतें.

युद्धानंतर धातु आहे कीं नाहीं या प्रश्नाच्या मागोमाग, कोणता आहे, हा ह्यूजेस यांचा जुना प्रश्न पुनः पुढें आला. प्रत्येक खिळ्यासाठीं जमीन खणावयाची तर आयुष्य पुरणार नाहीं. याचें उत्तर आवाजाच्या मोठेपणांत नसून त्याच्या विलंबांत आहे. श्रोत्यांनीं झोपाळ्याची कल्पना करावी. हलका झोपाळा ढकलतांच हालतो. जड झोपाळा ढकलणाऱ्याच्या मागें राहतो. वेटोळ्यानें घातलेल्या सादेला धातूचें उत्तर असेंच कमीअधिक मागें पडून येतें. जाड चांदीच्या किंवा तांब्याच्या तुकड्यांत भोंवरे बराच वेळ टिकतात, म्हणून उत्तर अधिक मागें पडतें; शिशाच्या किंवा पातळ पत्र्याच्या तुकड्यांत तें कमी मागें पडतें; आणि लोखंड भोंवऱ्यांबरोबरच चुंबकीय क्षेत्राला स्वतःकडे ओढून घेतें, म्हणून त्याचें उत्तर निराळ्याच बाजूला पडतें. हा विलंब मोजून मापकाच्या कांट्यानें किंवा अंकानें दाखविण्याची युक्ति १९७० नंतरच्या पंधरा वर्षांत बाजारी यंत्रांत आली.

हा मापक किती सांगतो आणि किती सांगत नाहीं, याचें उदाहरण आपल्या रुपयांतच आहे. १९४० पूर्वींचा रुपया एक तोळा वजनाचा असून त्यांत बारा भागांत अकरा भाग चांदी होती. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली. आणि १९४७ चा रुपया निकेलचा, म्हणजे चुंबकाला चिकटणाऱ्या धातूचा. नांव एकच, पण यंत्राच्या लेखीं हीं तीन निराळीं नाणीं. उलट, सोन्याची बारीक आंगठी आणि डब्याच्या झांकणाची अॅल्युमिनियमची कडी हीं बाजारांत कितीहि निराळीं असलीं, तरी त्यांचें उत्तर जवळजवळ एकाच अंकावर येऊं शकतें. लोखंडाची मोठी चकती तर पुष्कळदां चांदीचें सोंग घेते. कारण मापक धातूचें नांव वाचीत नाहीं; वाहकता, आकार, जाडी आणि चुंबकीय गुण या सर्वांचा एकत्र हिशेब करून तो एकच अंक सांगतो.

आणि या हिशेबांत वेटोळें हाहि एक पक्ष आहे. मोठ्या वेटोळ्यांत तार अधिक, त्यामुळें त्याचा विरोध आणि प्रवर्तन निराळें. त्यांतून जाणारा प्रवाहच मुळांत निराळ्या विलंबानें वाहतो. कांहीं वेटोळीं एकांत एक बसविलेलीं असतात. कांहीं इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचीं, बेल यांच्या रचनेप्रमाणें एकमेकांवर अंशतः सरकविलेलीं. दोहोंचा तोल निरनिराळा. म्हणून एका वेटोळ्यावर बरोबर लावलेला कांटा दुसरें वेटोळें जोडतांच सरकतो, आणि कालचें चांदीचें घर आज तांब्याला मिळतें. यावर उपाय एकच, आणि तो ह्यूजेस यांच्या पट्टीइतका जुना आहे. प्रत्येक वेटोळ्यासाठीं कांटा नव्यानें लावावयाचा. आसपास पलंग, खिडकीचे गज, कमरेचा पट्टा यांपैकीं कांहीं नाहीं अशा जागीं यंत्र धरावें. ज्यांची जात ठाऊक आहे असे चांदी, तांबें, शिसें व लोखंड यांचे तुकडे एकेक करून वेटोळ्यापुढून नेहमीं सारख्याच अंतरावरून न्यावेत. कांटा त्यांच्या ठरलेल्या घरांवर येईल असा तो लावावा. आणि ते अंक त्या वेटोळ्याच्या नांवानें टिपून ठेवावेत. त्यानंतर तेच तुकडे ज्या जमिनींत शोध करावयाचा तिच्यांत पुरून पुनः पाहावें. हवेंत आणि मातींत उत्तर एकच येईल, असें गृहीत धरूं नये. आपल्या देशावरील काळ्या खडकांत चुंबकीय लोहकण असतात आणि कोंकणांतील जांभ्या दगडांतहि लोह भरपूर आहे. अशी भूमि स्वतःच उत्तर देते, आणि खोल पुरलेल्या नाण्याचा अंक लोखंडाच्या घराकडे ढकलते.

हें सर्व रोजच्या कटकटीचें काम आहे, आणि म्हणूनच तें टाळलें जातें. पण १८८१ च्या त्या दोन प्रयोगांत जें जें चुकलें, तें यांतल्याच एकेका पायरीवर चुकलें. पहिल्या दिवशीं यंत्र बदलल्यावर तें पुनः तोलून पाहिलें गेलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं शय्या तपासली गेली नाहीं. आणि दोन्ही दिवशीं, गोळी उजवीकडेच आहे, या पूर्वग्रहाबाहेर वेटोळें नेलें गेलें नाहीं. पहिल्या दोन चुका यंत्र लावण्याच्या होत्या. तिसरी मनाच्या कांट्याची होती, आणि तो कांटा कोणत्याहि कारखान्यांत लावून मिळत नाहीं.

आज तीच तुला निरनिराळ्या रूपांनीं विमानतळाच्या दारांत उभी आहे, औषधांच्या व खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत लोखंडाची कपची शोधीत आहे, आणि युद्धें संपून गेलेल्या देशांत शेतांतले सुरुंग काढणाऱ्या माणसांच्या हातांत आहे. त्या माणसांचा परिपाठ असा कीं, रोज सकाळीं काम सुरू करण्यापूर्वीं ठाऊक असलेल्या धातूच्या नमुन्यावर यंत्र पडताळून पाहावयाचें, आणि तें बोललें तरच शेतांत पाऊल टाकावयाचें. काल बोललें होतें, हा पुरावा तेथें चालत नाहीं.